अंगुलिमाल सुत्त आणि आत्मसमर्पण धोरण : एक समीक्षा

दंड आणि क्षमा या दोहोंपैकी राज्यसंस्थेने कशाचा अवलंब करावा, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. एक पक्ष म्हणतो, गुन्ह्याला जरब बसली नाही तर समाज टिकत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, माणूस बदलू शकतो. म्हणून त्याच्यासाठी परतीची वाट मोकळी ठेवली पाहिजे. राजकारणात हे दोन्ही पक्ष सोयीनुसार आपापल्या जागा बदलतात. काल जो कठोर कायद्याची मागणी करीत होता तो आज सवलतीचे समर्थन करतो, आणि कधी याच्या उलटही घडते. गडचिरोली जिल्ह्यात मात्र हा वाद केवळ व्याख्यानाचा विषय राहिलेला नाही. तो गावाच्या वेशीवर येऊन उभा आहे.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी पक्षाच्या सर्वोच्च नेतृत्वापैकी एक असलेले मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी आपल्या ६० सहकाऱ्यांसह गडचिरोली येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षी १ जानेवारीला त्यांच्या पत्नी विमला सिडाम ऊर्फ तारक्का यांनीही आत्मसमर्पण केले होते. महाराष्ट्र शासनाची आत्मसमर्पण योजना २००५ सालापासून अमलात आहे आणि तिच्याखाली या जिल्ह्यात सहाशेहून अधिक जणांनी शस्त्रत्याग केला आहे. हिंसा थांबते ही गोष्ट धम्माच्या अनुयायाला आनंदाचीच वाटेल; तिच्याविषयी कुरकुर करण्याचे काहीच कारण नाही. तथापि, अशा प्रसंगी सभासंमेलनांतून एक दाखला हमखास दिला जातो. शासनाचे समर्थक वाल्याचा वाल्मीकी झाल्याचे सांगतात, तर आपल्यातील काही वक्ते त्याऐवजी अंगुलिमालाचे नाव घेतात. दोन्ही कथा एकच आहेत, असा त्यामागे समज असतो. भगवान बुद्धांनी अंगुलिमालाला क्षमा केली, मग शासनाने का करू नये, असा हा युक्तिवाद आहे. प्रस्तुत लेखात या युक्तिवादाची तपासणी करावयाची आहे. कारण सुत्ताचा असा अर्धा वापर केल्याने धम्मावरही अन्याय होतो आणि ज्यांचे रक्त सांडले त्यांच्यावरही.

१. वाल्या आणि अंगुलिमाल

वाल्या कोळ्याची लोककथा मराठी माणसाला पाठ आहे. वाटसरूंना मारून तो रांजणात खडे टाकीत असे. एके दिवशी त्याने घरच्यांना विचारले की माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात काय, आणि घरच्यांनी नकार दिला. मग नामस्मरण, वारूळ आणि अखेरीस ऋषिपद. या कथेत एक गोष्ट ठळकपणे अनुपस्थित आहे. रांजणातले खडे ज्यांचे होते ती माणसे पुन्हा कधीही दृष्टीस पडत नाहीत. त्यांच्या विधवा, त्यांची मुले, त्यांची गावे यांना कथेत जागा नाही. पापाचा हिशेब वाल्या, त्याचे कुटुंब आणि दैवत यांच्यातच मिटतो.

मज्झिमनिकायातील अंगुलिमाल सुत्त याहून मुळातच वेगळे आहे. कोसलच्या पसेनदी राजाच्या राज्यात अंगुलिमालाच्या दहशतीने गावे, निगम आणि जनपदे ओस पडली होती, हे सुत्त आरंभीच सांगते. म्हणजे ज्यांच्यावर संकट कोसळले त्यांची स्थिती प्रथम आणि गुन्हेगाराचे परिवर्तन नंतर, असा त्याचा क्रम आहे. लोक राजवाड्याच्या दारी जमून त्याच्या बंदोबस्ताची मागणी करतात; राजा पाचशे घोडेस्वार घेऊन निघतो आणि वाटेत भगवंतांच्या भेटीस येतो. भगवान त्याला विचारतात की अंगुलिमाल मुंडन करून, काषाय वस्त्रे नेसून, हिंसेपासून विरत झालेला दिसला तर तू काय करशील. अशा पुरुषाला आम्ही वंदन करू, त्याचे रक्षण करू, असे राजा उत्तर देतो. त्यानंतरच भगवान आपला उजवा हात पुढे करून जवळ बसलेला भिक्खू कोण आहे ते दाखवितात. येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही की भगवंतांनी त्याला राजापासून लपविले नाही. राजाचा अधिकार त्यांनी नाकारला नाही, त्याची फसवणूकही केली नाही. माणूस समोर आहे, त्याचे नाव उघड आहे, आता निर्णय तुझा, अशी ती भूमिका आहे.

सुत्त येथेही थांबत नाही. अर्हत्पद प्राप्त झाल्यानंतर अंगुलिमाल सावत्थीत भिक्षेसाठी जातो, तेव्हा कोणी फेकलेले ढेकूळ, कोणी फेकलेली काठी, कोणी फेकलेली खापरी त्याच्या अंगावर येऊन आदळते. डोके फुटते, भिक्षापात्र भंगते, संघाटी फाटते. रक्तबंबाळ अवस्थेत तो भगवंतांकडे येतो. या वेळी तथागत त्याचे सांत्वन करीत नाहीत, ढेकूळ फेकणाऱ्यांचा शोध घ्या असे सांगत नाहीत आणि लोकांनी आता मागचे विसरावे असा उपदेशही नगराला करीत नाहीत. हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, ते तू सहन कर, एवढेच ते सांगतात. ज्याचा अंतर्बाह्य पालट झाला त्याच्याही वाट्याचा हिशेब पुसला गेला नाही; फरक इतकाच की तो हिशेब आता तो स्वतः, द्वेषाविना, सोसू शकत होता. वाल्याच्या कथेत नाहीशी झालेली माणसे या सुत्तात ढेकूळ होऊन परत येतात. आत्मसमर्पणाच्या समारंभात अंगुलिमालाचे नाव घेणारे वक्ते या प्रसंगापर्यंत क्वचितच पोहोचतात.

२. सुत्ताला विनयाची जोड

आणखी एक बाब याहूनही अधिक महत्त्वाची आहे. विनयपिटकातील महावग्गात अंगुलिमालाच्या प्रव्रज्येचे पुढील पर्व आले आहे. त्याला भिक्खूच्या वेशात पाहून लोक भयभीत झाले, वाट बदलू लागले, दारे लावून घेऊ लागले. शाक्यपुत्रीय श्रमण ध्वजबद्ध चोराला, म्हणजे कुप्रसिद्ध दरोडेखोराला, प्रव्रज्या कशी देतात, असा आक्षेप त्यांनी घेतला. हा आक्षेप भगवंतांच्या कानी आला. त्यांनी लोकांना अज्ञानी ठरविले नाही. यापुढे अशा चोराला प्रव्रज्या देऊ नये, असा नियमच त्यांनी घालून दिला.

त्याच प्रकरणात पुढे सांगितले आहे की मगधाच्या बिंबिसार राजाने शाक्यपुत्रीय श्रमणांमध्ये प्रव्रजित झालेल्यांना कोणीही काही करू नये अशी आज्ञा दिली होती. त्या अभयाचा आधार घेऊन तुरुंग फोडून पळालेला चोर संघात आला. राजदरबारी ज्याचे नाव लिहून ठेवले होते असा फरारी चोर आला. प्रत्येक प्रसंगानंतर संघाचे दार त्या त्या प्रकारच्या माणसासाठी बंद करण्यात आले. रणांगण सोडून आलेल्या राजसैनिकांच्या बाबतीत तर खुद्द बिंबिसाराने तक्रार केली आणि भगवंतांनी ती मान्य केली.

या दोन ग्रंथांचा एकत्र विचार केल्यास एक स्वच्छ तत्त्व हाती येते. अंगुलिमालाला दिलेली प्रव्रज्या परत घेतली गेली नाही; एका माणसात झालेले परिवर्तन खरे होते आणि ते मान्य करण्यात आले. परंतु त्या एका प्रसंगावरून सर्वांसाठी सवलतीचा नियम करण्यास तथागतांनी नकार दिला. करुणा ही व्यक्तीच्या बाबतीत घडणारी घटना आहे. धोरण ही सर्वांना लागू होणारी व्यवस्था आहे. पहिलीचा आधार अंतःकरणाची पारख हा असतो, दुसरीचा आधार परिणामांचा विचार हा असला पाहिजे. अंगुलिमाल सुत्त दाखवून आत्मसमर्पण धोरणाचे समर्थन करणारा मनुष्य घटनेला धोरण समजतो. खुद्द भगवंतांनी हा गोंधळ टाळला होता.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अंगुलिमालाच्या धम्मदीक्षेला पतितांच्या व गुन्हेगारांच्या दीक्षेच्या प्रकरणात स्थान दिले. त्याच ग्रंथातील अहिंसेच्या विवेचनात, अपराध्याला दंड देणे अहिंसेशी विसंगत नाही आणि त्या दंडाचा दोष न्यायाधीशाकडे नव्हे तर अपराध करणाऱ्याकडे जातो, अशा आशयाचे प्रतिपादनही आहे. तत्त्व आणि नियम यांत बाबासाहेबांनी जो भेद केला त्याचा उपयोग येथे होतो. करुणा हे तत्त्व आहे, आणि तत्त्वाचा अवलंब करताना विवेक सोडावयाचा नसतो.

३. सवलतीचे मोजमाप

आता प्रत्यक्ष धोरणाकडे वळू. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शस्त्र खाली ठेवणाऱ्या वरिष्ठ माओवाद्याला पाच लाख रुपये आणि मध्यम वा कनिष्ठ दर्जाच्या व्यक्तीला अडीच लाख रुपये अनुदान ठेवीच्या रूपाने दिले जाते. तीन वर्षांपर्यंत दरमहा विद्यावेतन मिळते आणि जमा केलेल्या शस्त्राचे मोल वेगळे मोजले जाते. राज्याच्या योजनेतील रकमाही हुद्द्यानुसार चढत जातात. गंभीर गुन्ह्यांचे खटले न्यायालयात चालू राहू शकतात आणि किरकोळ गुन्ह्यांत सवलतीचा विचार राज्याने करावा, असेही मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

हिंसाचारात ठार झालेल्या नागरिकाच्या कुटुंबासाठी केंद्राची स्वतंत्र साहाय्य योजना आहे. तिची रक्कम २०१६ साली तीन लाखांवरून पाच लाख करण्यात आली. दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मारलेल्या माणसाच्या कुटुंबाला पाच लाख आणि शस्त्र टाकणाऱ्या वरिष्ठ नेत्याला पाच लाख, शिवाय विद्यावेतन व शस्त्राचे मोल. पैशाने कोणाच्या दुःखाची भरपाई होते असे मुळीच नाही. पण शासन जेव्हा रकमा ठरविते तेव्हा ते आपल्या दृष्टीने कोणाचे वजन किती, हेही सांगत असते.

यात आणखी एक विपर्यास आहे. हुद्दा जितका मोठा तितके अनुदान मोठे, असा या योजनेचा नियम आहे. म्हणजे ज्याच्या आज्ञेने अधिक माणसे मेली त्याच्या परतीची किंमत अधिक. दलमचे तांदूळ वाहून नेणारा, सभेला बसविला गेलेला, रात्री दारात आलेल्या बंदूकधाऱ्यांना जेवण देणारा गावकरी या मोजणीत तळाशी असतो. त्याच्याजवळ जमा करायला शस्त्र नसते आणि सांगायला गुपित नसते. त्याला सवलत मिळण्याची शक्यता सर्वांत कमी आणि खटल्याची तारीख मोजत बसण्याची शक्यता सर्वांत अधिक. ही करुणा नव्हे. हा व्यवहार आहे, आणि व्यवहार म्हणून त्याचे समर्थन होऊ शकेल. कदाचित त्याने युद्ध लवकर थांबेल, आणि थांबलेले युद्ध ही लहान गोष्ट नव्हे. मात्र त्याला अंगुलिमालाचे नाव देता येणार नाही. पसेनदीने अंगुलिमालाला चीवर देऊ केले तेव्हा आपल्याजवळ तीन चीवरे आहेत, असे सांगून त्याने ते नाकारले होते.

४. कुरखेड्याचा प्रश्न

हे सर्व कोणासाठी आणि कोठे घडते, याचा विसर पडता कामा नये. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. सशस्त्र दलांचा प्रवेश त्याच्या थोडा आधी, १९८० च्या सुमारास झाला होता. जिल्ह्याच्या उत्तर भागातील कुरखेडा तालुका गोंड, हलबा, कंवर अशा आदिवासींचा आणि त्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बौद्ध व इतर कष्टकरी कुटुंबांचा आहे. ज्या चंद्रपूरला बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा दिली, त्याच चांदा जिल्ह्याचा हा मुलूख होता.

१ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, याच तालुक्यात दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील वाहने मध्यरात्री जाळण्यात आली आणि त्या ठिकाणी निघालेल्या शीघ्र कृती दलाचे वाहन जांभूळखेडा परिसरात भूसुरुंगाने उडविण्यात आले. १५ पोलीस जवान आणि खासगी वाहनाचा चालक असे १६ जण त्यात मृत्युमुखी पडले. जवानांपैकी बहुतेक जण विदर्भ-मराठवाड्यातील सामान्य घरांतले तरुण होते आणि चालक तर पोट भरण्यासाठी गाडी चालविणारा होता. ज्यांच्या नावाने क्रांती करावयाची त्यांच्याच मुलांचे हे मरण होते. पोलिसांचा खबऱ्या ठरवून रात्री घरातून ओढून नेलेल्या आणि सकाळी रस्त्यावर मृतावस्थेत सापडलेल्या आदिवासींची संख्या तर या जिल्ह्यात शेकड्यांत आहे. त्यांच्यावर आरोप ठेवणारे, निवाडा करणारे आणि शिक्षा देणारे एकच होते. अपिलाची सोय नव्हती.

अशा गावात उद्या आत्मसमर्पित व्यक्ती राहावयास आली, तर गावाला तिच्याकडून काय अपेक्षित आहे? सूड नव्हे. झाडीपट्टीतील माणूस सुडाच्या भाषेत सहसा बोलत नाही. त्याला हे हवे असते की माझ्या भावाला का मारले, कोणाच्या सांगण्यावरून मारले, तो खबऱ्या होता की नव्हता, हे कोणीतरी उघडपणे सांगावे. खबऱ्या हा शिक्का मृत माणसाच्या कुटुंबावर वर्षानुवर्षे राहतो. तो पुसण्याचा अधिकार अनुदानाच्या कोणत्याही कलमात नाही. पोलिसांना मिळालेली माहिती पोलिसांच्या दप्तरात राहते. मृताच्या आईपर्यंत ती पोहोचत नाही. आजच्या धोरणातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. शस्त्र शासनाकडे जमा होते, सत्य मात्र गावाकडे जमा होत नाही.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपल्यावर नेमलेल्या सत्य व समेट आयोगाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. १९९५ च्या कायद्याने तेथे क्षमादानाची सोय केली. पण केलेल्या कृत्याचे संपूर्ण कथन ही तिची अट होती आणि गंभीर प्रकरणांची सुनावणी पीडितांना उपस्थित राहता येईल अशी उघड होत असे. सुमारे सात हजार अर्जांपैकी बहुसंख्य नामंजूर झाले. त्या आयोगावरही पुष्कळ टीका झाली आणि पीडितांना भरपाई फार उशिरा व अपुरी मिळाली, हे खरे आहे. तरीही क्षमेची किंमत सत्याने मोजावी, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. अंगुलिमालाचे नाव व रूप राजासमोर उघड करणारी तथागतांची कृती या तत्त्वाच्या फार जवळची आहे.

५. शासनाचे उत्तरदायित्व

आतापर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की हा लेख कठोर दंडाच्या पक्षाचा आहे. तसे नाही. उत्तरदायित्वाची मागणी एकाच बाजूकडे करावयाची नसते.

१९८७ च्या टाडा कायद्याचा वापर या जिल्ह्यातील आदिवासींवर मोठ्या प्रमाणात झाला. तो कायदा १९९५ साली संपुष्टात आला. मात्र त्याखाली तुरुंगात गेलेली वर्षे कोणाला परत मिळाली नाहीत. पुढे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात २००४ व २००८ साली दुरुस्त्या होऊन जामीन मिळणेच दुर्घट झाले. प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतर पाच जणांना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी दोषी ठरविले. ५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांची निर्दोष मुक्तता केली. तोवर त्यांच्यापैकी एक आदिवासी तरुण कारागृहात असतानाच मरण पावला होता, आणि चाकांच्या खुर्चीवर जगणारे साईबाबा सुटकेनंतर काही महिन्यांतच, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी निवर्तले. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागड येथे खनिज वाहतुकीची वाहने जाळली गेली. त्या खटल्यात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना आरोपी करण्यात आले आणि उच्च न्यायालयाने २०२३ साली त्यांचा जामीन नाकारला. आरोप खरा की खोटा हे न्यायालय ठरवील. तो निवाडा येथे करावयाचा नाही. पण ज्या संघटनेने वाहने जाळली तिचा सर्वोच्च नेता सन्मानाने परत येऊ शकतो आणि तिच्याशी संबंधाचा केवळ आरोप असलेला वकील जामिनाविना वर्षानुवर्षे राहतो, ही विसंगती सामान्य माणसाच्या बुद्धीला पटवून देणे कठीण आहे.

एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया परिसरातील चकमकींत सुमारे ४० जण ठार झाले. मृतांत गट्टेपल्ली गावचे काही तरुण होते आणि ते माओवादी नव्हते, असे त्यांच्या कुटुंबीयांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी महाराष्ट्रातील एका प्रकरणात चकमकींच्या स्वतंत्र तपासाचे सोळा निर्देश दिले आहेत. चकमकीनंतर लगेच बढती वा शौर्यपुरस्कार देऊ नये, हा त्यांपैकी एक आहे. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांमुळे नाहक तुरुंगवास भोगणाऱ्यांना भरपाई देण्यासाठी कायदा करण्याची शिफारस केली. आत्मसमर्पण योजनेला जी निकड लाभली, ती या शिफारशीला लाभली नाही. जे शासन बंदूकधाऱ्याला क्षमा करण्याइतके उदार आहे त्याने निरपराध कैद्याची क्षमा मागण्याइतके नम्रही असावे.

६. आपला स्वतःचा मापदंड

येथे एक अवघड प्रश्न आपल्या चळवळीलाही विचारावा लागेल. खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली सहा जणांना फाशी सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. तेव्हा आपल्या समाजातून फाशी कायम ठेवण्याची मागणी झाली. तो संताप समजण्यासारखा होता. विशेषतः त्या निकालांत अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही, म्हणजे गुन्ह्यामागील जातच अदृश्य झाली, ही वेदना खरी होती. परंतु बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीची शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने आपला कल स्पष्ट केला होता, याचे स्मरण त्या काळात आपल्यापैकी फारच थोड्यांना झाले. आपला माणूस पीडित असला की आपण कठोर होतो आणि आपला माणूस आरोपी असला की उदार होतो. हा दोष सर्वच समाजांत आहे. पण धम्म स्वीकारलेल्या समाजाने तो अधिक दक्षतेने पाहिला पाहिजे.

मग मापदंड कोणता? खैरलांजीच्या निकालातील खरी उणीव शिक्षा कमी झाली ही नव्हती. गुन्ह्याचे खरे नाव घेतले गेले नाही ही होती. आत्मसमर्पण धोरणातील उणीवही सवलत दिली जाते ही नाही. सत्य सांगितले जात नाही ही आहे. शिक्षेची लांबी आणि उत्तरदायित्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिक्षा सौम्य असूनही उत्तरदायित्व पूर्ण असू शकते. अंगुलिमालाला राजाने कोणतीच शिक्षा केली नाही, तरी त्याने आपले कर्म नाकारले नाही. उलट, शिक्षा भयंकर असूनही उत्तरदायित्व शून्य असू शकते.

७. मूळ कारणाकडे

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त या वादाच्या दोन्ही पक्षांना निरुत्तर करते. राजाने निर्धनांना धन दिले नाही; दारिद्र्य वाढले; दारिद्र्यातून चोरी उद्भवली. पहिल्या चोराला पकडून आणले तेव्हा जगण्याचे साधन नाही असे तो म्हणाला, आणि राजाने त्याला धन दिले. हे ऐकून चोरी केल्यास धन मिळते असे लोक म्हणू लागले व चोऱ्या वाढल्या. मग राजाने पुढच्या चोराचे मुंडके उडविले. लोकांनी त्यावरून तीक्ष्ण शस्त्रे करविली आणि गावे लुटण्यास आरंभ केला. सवलतही फसली, दंडही फसला. कारण दोन्ही उपाय चोराकडे पाहून केलेले होते, दारिद्र्याकडे पाहून नव्हे.

कूटदंत सुत्तात याची दुसरी बाजू येते. दस्यूंचा उपद्रव वध, बंधन वा हद्दपारीने संपणार नाही, उरलेले पुन्हा त्रास देतील, असे पुरोहित महाविजित राजाला सांगतो. शेती व गोपालन करणाऱ्यांना बी-बियाणे व चारा, व्यापाऱ्यांना भांडवल, राजसेवकांना अन्न व वेतन द्यावे, म्हणजे लोक आपापल्या कामात गुंततील, असा त्याचा उपाय आहे. चोराला व्यक्तिशः दिलेले धन आणि सर्व कष्टकऱ्यांना दिलेली साधने यांतील फरक या दोन सुत्तांना एकत्र वाचल्यावर ध्यानात येतो.

गडचिरोलीत साधन म्हणजे जंगल होय. मोह, तेंदू, बांबू आणि हिरडा यांवर येथील घरे चालतात. तेंदूपत्त्याचा दर आणि वनकर्मचाऱ्यांचा जाच या तक्रारींवरच सशस्त्र दलांनी आरंभी आपले पाय रोवले, हे जिल्ह्यातील जुन्या लोकांना ठाऊक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर कोरची-कुरखेडा परिसरासह जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी आपल्या वनोपजाची विक्री स्वतः करण्यास सुरुवात केली. बंदुकीने जे मिळवून देण्याचे वचन दिले गेले ते येथे कायद्याने आणि ग्रामसभेच्या ठरावाने मिळू लागले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात रक्तरंजित मार्गांचा त्याग करण्याचे आवाहन करणाऱ्या आणि २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत मार्क्सच्या साधनांहून बुद्धांचे साधन श्रेष्ठ ठरविणाऱ्या बाबासाहेबांच्या विचाराला याहून चांगला पुरावा कोणता हवा? म्हणूनच हे अधिकार खाणींच्या व वनविभागाच्या दबावाखाली कमी होत गेले, तर आत्मसमर्पण योजनेचे सर्व यश पोकळ ठरेल.

या सर्व विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला : आत्मसमर्पण करणाऱ्याला सवलत देण्यापूर्वी त्याचे निवेदन न्यायाधीशासमोर व्हावे, आणि मृतांच्या कुटुंबीयांना आपल्या माणसाविषयीचे सत्य जाणण्याचा व मृतावरील खबऱ्याचा शिक्का ग्रामसभेत पुसून घेण्याचा हक्क मिळावा. दुसरा : मोठ्या नेत्याच्या सवलतीआधी किरकोळ आरोपांखाली खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या खटल्यांचा फेरविचार व्हावा, नाहक तुरुंगवास भोगलेल्यांना भरपाई मिळावी आणि चकमकींच्या तपासाचे निर्देश निरपवादपणे पाळले जावेत. तिसरा : जो निधी व्यक्तीच्या परतीसाठी खर्च होतो त्याच्या कितीतरी पट लक्ष ग्रामसभांच्या वनाधिकारांकडे द्यावे.

या मागण्यांसाठी अंगुलिमालाचा दाखला खुशाल द्यावा. मात्र तो संपूर्ण द्यावा. ओस पडलेली गावे, राजासमोर उघड केलेले नाव, नाकारलेले चीवर, फुटलेले भिक्षापात्र आणि त्यानंतर झालेला विनयाचा नियम, हे सर्व त्यात आले पाहिजे. एवढे सगळे सांगितल्यावर तो दाखला शासनाला, माओवाद्यांना आणि आपल्यालाही तितकासा सोयीचा उरणार नाही. सुत्त सोयीसाठी सांगितलेले नाही.